जागा कुठे गेली यापेक्षा बॅकअप कुठे जातो आहे ते आधी पाहा

तुमचा प्रश्न लांब आहे, पण त्यात आकडे आणि घटनांचा क्रम दिलेला असल्यामुळे नेमके उत्तर देता येते. वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. सात संगणकांच्या लहान नेटवर्कसाठी तुम्ही एक लिनक्स सर्व्हर ठेवला आहे. प्रणालीसाठी १२० जीबीची एसएसडी, सामायिक फाइलींसाठी १ टीबीची आतली डिस्क आणि रात्रीच्या बॅकअपसाठी यूएसबीने जोडलेली २ टीबीची बाहेरची डिस्क, अशी त्याची मांडणी आहे. अकरा दिवसांपूर्वी एसएसडी भरल्याची तक्रार सुरू झाली. ‘डीएफ’ ही कमांड १०९ जीबीपैकी १०९ जीबी वापरात असल्याचे सांगत होती, तर ‘डीयू’ने मोजल्यावर बेरीज ४० जीबीच्या पुढे जात नव्हती. तुम्ही जुने लॉग, पॅकेजांचा साठा आणि पडून असलेले एक व्हर्च्युअल मशीन असे मिळून ९ जीबी पुसले. मोकळी जागा मात्र साडेतीन जीबीच दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीही शिल्लक नव्हती. पुढे पाच दिवसांनी वीज गेली. वीज आल्यावर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या सुरू होणाऱ्या अवस्थेत, अडकला, तेव्हा कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या /इटीसी/एफएसटॅब या फाइलमधल्या बाहेरच्या डिस्कच्या ओळीआधी # हे चिन्ह टाकून, म्हणजे ती ओळ निष्क्रिय करून, तुम्ही तो कसाबसा सुरू केला. आता मोठी एसएसडी घ्यावी की सगळी प्रणाली नव्याने टाकावी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते सध्या दोन्ही करू नये. तुम्ही ज्या दोन वेगळ्या अडचणी मानता आहात त्या बहुधा एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत, आणि त्या दोषाचा गंभीर भाग एसएसडीवरची जागा हा नसून, निदान अकरा दिवस तुमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर गेलेलाच नाही, हा आहे. तो गेला नाही हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, म्हणून तुमचे लक्ष जागेकडे वळले.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करतो. कमांड, पर्याय आणि फाइलींचे मार्ग मी आपण बोलताना उच्चारतो तसे लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांत टाइप करावेत.

माझा संशय बॅकअपवर का आहे, ते आता तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. ‘डीएफ’ फाइल प्रणालीला, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या मांडणीला, विचारते की किती ब्लॉक (जागेचे तुकडे) वापरात आहेत. ‘डीयू’ एकेका फोल्डरमधून फिरत, दिसेल त्या फाइलीचा आकार मोजत जाते. या दोघींच्या उत्तरांत थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे, पण सुमारे ७० जीबींचा फरक पडला, तर डिस्कवर असूनही ‘डीयू’च्या वाटेत न येणारे काहीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणूनच लॉग पुसण्यात फारसा अर्थ नव्हता. लॉग मोठे असते, तर ते ‘डीयू’ला दिसलेच असते. शिवाय सिस्टमडीचे, म्हणजे प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे, जर्नल (नोंदवही) मूळ मांडणीत फाइल प्रणालीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढते, तेव्हा ७० जीबींचा हिशेब त्यातून लागणे शक्य नव्हते.

दुसरा धागा तुम्ही पुसलेल्या ९ जीबींचा आहे. ‘साडेपाच जीबी कुठे गायब झाले?’ असे तुम्ही विचारले आहे. ते गायब झालेले नाहीत. एक्स्ट४ फाइल प्रणाली तयार होते तेव्हा साधारण ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते, म्हणजे डिस्क भरली तरी प्रशासकाला आत शिरून काम करता यावे. तुमच्या १०९ जीबींवर ही राखीव जागा जवळपास साडेपाच जीबी होते आणि ‘डीएफ’ ती उपलब्ध जागेत धरत नाही. तुम्ही पुसलेल्या ९ जीबींमधून आधी ती राखीव जागा भरून निघाली आणि उरलेले साडेतीन जीबी तुम्हाला दिसले. आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामने डिस्क भरली असती, तर तो या राखीव जागेपाशी येऊन थांबला असता आणि वापर १०३ ते १०४ जीबींच्या आसपास अडला असता. तुमच्याकडे वापर थेट १०९ जीबींपर्यंत गेला, म्हणजे जागा भरणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालत होता.

तिसरा धागा तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तोच सर्वांत बोलका वाटला: झोपताना जागा होती आणि सकाळी नव्हती. रात्री, रूटच्या अधिकाराने, दहावीस जीबी सहज लिहू शकेल असे तुमच्या सर्व्हरवर काय चालते? तुम्हीच दिलेल्या माहितीनुसार पहाटे दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) चालणारी आरसिंकची (फाइलींच्या प्रती करणाऱ्या कमांडची) स्क्रिप्ट, जी सामायिक फाइलींची प्रत /एमएनटी/बॅकअप इथे ठेवते.

इथे माउंट होणे म्हणजे काय, ते क्षणभर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. /एमएनटी/बॅकअप हे एसएसडीवरचेच एक साधे, रिकामे फोल्डर आहे. बाहेरची डिस्क माउंट झाली की ती त्या फोल्डरवर झाकणासारखी बसते आणि तिथे लिहिलेले सारे त्या डिस्कवर जाते. केबल सैल झाली, डिस्कला वीज कमी पडली किंवा अन्य कारणाने ती सुटली, की झाकण निघते आणि खालचे फोल्डर उघडे पडते. आरसिंकला या बदलाची काहीच कल्पना नसते. तिला मार्ग दिलेला आहे, मार्ग अस्तित्वात आहे, म्हणून ती इमानाने एसएसडीवर प्रती लिहू लागते आणि जागा संपेपर्यंत थांबत नाही. मग कधीतरी डिस्क पुन्हा माउंट होते, झाकण परत बसते, आणि खाली साठलेल्या फाइली ‘डीयू’च्याच काय, पण तुमच्याही नजरेआड जातात. तुम्ही मोजणी केली त्या दिवशी डिस्क माउंट झालेली होती असे तुम्ही म्हणता, आणि ‘डीयू’ एक्स या पर्यायासह, म्हणजे दुसऱ्या फाइल प्रणालीत न शिरता, चालवली होती. तेव्हा सगळे जुळते.

तरीही हा तर्क आहे, आणि तर्कावर विसंबून काहीही पुसू नये. खात्री करायला दोन मिनिटे पुरतात. /एमएनटी/मूळ असे एक नवे फोल्डर तयार करा आणि माउंट कमांडला बाइंड पर्याय देऊन मूळ फाइल प्रणाली, म्हणजे नुसता स्लॅश, त्या फोल्डरवर जोडा. साध्या बाइंडमध्ये वर बसलेली झाकणे सोबत येत नाहीत, त्यामुळे /एमएनटी/मूळ/एमएनटी/बॅकअप या मार्गाने पाहिले की खालचे खरे फोल्डर दिसते. आरबाइंड हा पर्याय मात्र इथे वापरू नका, कारण तो झाकणांसकट सगळे आणतो. आता त्या मार्गावर ‘डीयू’ चालवा. सध्या एफएसटॅबमधली ओळ निष्क्रिय असल्याने कदाचित साध्या मार्गानेही त्या फाइली दिसतील, पण बाइंडची सवय लावून घेतलेली बरी. का, ते पुढे पुसण्याच्या वेळी कळेल.

ते फोल्डर रिकामे निघाले, तर माझे निदान चुकले असे समजून दोन शक्यता तपासा. पहिली, पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल. एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडी धरून ठेवली असेल, तर ती पुसल्यावर नाव जाते पण जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ला +एल१ हा पर्याय दिला की अशा फाइलींची यादी मिळते (यातला एल मोठ्या लिपीतला), आणि तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा सुटते. तुमचा सर्व्हर वीज गेल्यामुळे एकदा पूर्ण बंद होऊन सुरू झाला आहे आणि तरीही जागा परत आली नाही, म्हणून ही शक्यता मला फार कमी वाटते. दुसरी शक्यता बीटीआरएफएससारख्या फाइल प्रणालीच्या स्नॅपशॉटची, म्हणजे तिने जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थांची. तुमची एक्स्ट४ असल्याने ती लागूच होत नाही. इतर वाचकांसाठी आणखी एक गोष्ट जोडतो. ‘डीएफ’मध्ये जागा दिसत असूनही जागा नसल्याची तक्रार येत असेल, तर ‘डीएफ’ आय पर्यायासह चालवावी. लाखो लहान फाइलींमुळे आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणारी नोंदीची जागा, संपलेले असू शकतात.

समजा, तिथे ७८ जीबींच्या आसपास (आधीच्या ६९, आणि तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेत पुन्हा भरलेल्या ९) फाइली सापडल्या. त्या लगेच पुसण्याचा मोह होईल, आणि तो इथे आवरायला हवा. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप अकरा दिवस किंवा त्याहून जुना आहे. एसएसडीवर चुकून गेलेली प्रत अपुरी असली, तरी तिच्यातल्या काही फाइलींची नवी आवृत्ती आतल्या डिस्कखेरीज फक्त तिथेच आहे. आतली डिस्क याच आठवड्यात बिघडली, तर ती अपुरी प्रतही मोलाची ठरेल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रॉनमधले रात्रीचे काम थांबवा, म्हणजे एसएसडी आणखी भरणार नाही. मग बाहेरची डिस्क ठीक आहे की नाही ते तपासा, तिच्यावर किंवा दुसऱ्या एखाद्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या, त्यातल्या चारदोन फाइली उघडून पाहा, आणि मगच खालच्या फाइली पुसा.

पुसताना /एमएनटी/बॅकअप या साध्या मार्गाने पुसू नका. त्या क्षणी डिस्क माउंट झालेली असेल, तर तुम्ही नुकताच घेतलेला खरा बॅकअप पुसला जाईल, आणि आरएम कमांड एकदा चालली की परतीची वाट नसते. /एमएनटी/मूळ या बाइंड केलेल्या मार्गानेच आत जा, ‘फाइंडएमएनटी’ला टी पर्याय (हा टी मोठ्या लिपीतला) आणि समोरचा मार्ग देऊन आपण खरोखर एसएसडीवर आहोत हे पाहा, आणि नंतरच पुसा. मी या कामाला बसतो तेव्हा आधी ‘एलएस’ने यादी पाहतो, तारखा वाचतो आणि पूर्ण मार्ग टाइप करतो, फोल्डरच्या आत जाऊन तारांकन चिन्हाने पुसत नाही. यात एक मिनिट जास्त जाते, ते मी कधीही वाचवत नाही.

आता वीज गेल्यावर सर्व्हर का अडकला ते पाहू. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क ही प्रणालीसाठी अत्यावश्यक आहे असे सिस्टमडी धरून चालते. बूट होताना ती डिस्क सापडली नाही, तर मूळ मांडणीनुसार ९० सेकंद वाट पाहिली जाते आणि मग अर्धवट अवस्थेत पुढे जाण्याऐवजी इमर्जन्सी मोड येतो. आतल्या डिस्कसाठी हे वागणे योग्यच आहे. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कसाठी मात्र ते नको असते, कारण ती नसली म्हणून सातही जणांचे काम थांबण्याचे कारण नाही. याच मुद्द्यावर तुम्हाला अनेकांनी त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालायला सांगितले आहे. सल्ला चूक नाही, पण अपुरा आहे, आणि तुमच्या बाबतीत अपुरा सल्ला घातक ठरेल. ‘नोफेल’ घातल्यावर सर्व्हर डिस्कवाचून शांतपणे सुरू होईल, रात्री दोन वाजता आरसिंकही तितक्याच शांतपणे एसएसडीवर लिहू लागेल, आणि तुमची पहिली अडचण कायमची होईल. इमर्जन्सी मोडने निदान डिस्क नसल्याचे तुम्हाला ओरडून सांगितले होते.

मला या प्रकरणात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे: सर्व्हर बॅकअपच्या डिस्कवाचून सुरू झाला पाहिजे, पण बॅकअप त्या डिस्कवाचून सुरू होता कामा नये. या दोन्ही अटी एकत्र पाळल्या जातील अशी मांडणी करायची, एवढेच काम आहे, आणि त्यासाठी प्रणाली नव्याने टाकण्याची गरज नाही. नव्याने टाकली तरी तीच स्क्रिप्ट आणि तीच ओळ परत येईल. मोठी एसएसडी घेतली, तर ती भरायला एका रात्रीऐवजी कदाचित तीन रात्री लागतील.

मी स्वतः लहान नेटवर्कमध्ये ही मांडणी कशी करतो ते सांगतो. डिस्क दिवसभर माउंट ठेवायची की फक्त बॅकअपपुरती, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दिवसा लोकांना जुन्या फाइली स्वतः काढून घ्यायच्या असतील, तर ती माउंट असावी लागते. तशी गरज नसेल, तर मी ती माउंट ठेवत नाही. एफएसटॅबमध्ये ‘नोऑटो’ (बूटच्या वेळी आपोआप माउंट करू नये) आणि ‘नोफेल’ हे दोन्ही पर्याय घालतो, आणि स्क्रिप्टच सुरुवातीला डिस्क माउंट करते, काम झाल्यावर अनमाउंट करते. यामुळे बूटचा प्रश्न उरतच नाही. दिवसा अचानक वीज गेली, तर बॅकअपच्या डिस्कवर अर्धवट लिहिलेले काही राहत नाही. एखाद्या संगणकावरून कोणी चुकून किंवा एखाद्या घातक प्रोग्रामने मुद्दाम सामायिक फोल्डर साफ केले, तर बॅकअप त्या वेळी हाताशी नसतो, हाही मोठा फायदा आहे.

ओळ लिहिताना डिस्क एसडीबी किंवा एसडीसी या नावाने लिहू नका, कारण ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि पुढच्या बूटला बदलू शकतात. ‘एलएसबीएलके’ एफ पर्यायासह चालवल्यावर दिसणारा यूयूआयडी, म्हणजे डिस्कवरच्या फाइल प्रणालीची स्वतःची ओळख, वापरा. फाइल जतन केल्यावर ‘फाइंडएमएनटी’ला व्हेरिफाय पर्याय देऊन ती तपासा, ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ चालवा आणि हाताने एकदा माउंट करून पाहा. एफएसटॅबमधली चूक सर्व्हर चालू असताना सापडली तर दुरुस्त करायला अर्धे मिनिट लागते. तीच चूक रीबूटनंतर सापडली, तर कीबोर्ड आणि मॉनिटर जोडून बसावे लागते. रूटचे खाते बंद असेल, तर काही वितरणांमध्ये इमर्जन्सी मोडमध्ये आतही शिरता येत नाही आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून फाइल दुरुस्त करावी लागते.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन तपासण्या हव्यात. ‘माउंटपॉइंट’ नावाची एक छोटी कमांड आहे. तिला क्यू पर्याय आणि मार्ग दिला, की तिथे खरोखर काही माउंट झालेले आहे का, याचे उत्तर ती हो किंवा नाही या स्वरूपात देते. उत्तर नाही असेल, तर स्क्रिप्टने चूक झाल्याचा संकेत देऊन तिथेच थांबावे. ही तपासणी लोक बॅकअपच्या डिस्कसाठी करतात, पण मूळ डेटाच्या डिस्कसाठी करायला विसरतात, आणि तो विसर जास्त महागात पडतो. एका लहान कार्यालयात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. साफसफाईसाठी सर्व्हर हलवल्यावर डेटाच्या डिस्कची साटा केबल सैल झाली होती आणि आधीच्या कोणीतरी त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ घालून ठेवले होते. सर्व्हर निमूटपणे सुरू झाला. रात्री आरसिंकने डिलीट पर्यायासह पाहिले, की मूळ फोल्डर रिकामे आहे, आणि सांगितल्याप्रमाणे बॅकअपही रिकामा करून टाकला. सकाळी दोन्ही फोल्डर रिकामे होते आणि तिथल्या माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव मला अजून आठवतात. केबल नीट बसवल्यावर डिस्क परत आली, म्हणून काही गेले नाही. ती डिस्क खरोखर बिघडलेली असती, तर काहीच उरले नसते.

तेव्हापासून मी स्रोत आणि ठिकाण दोन्ही तपासल्याशिवाय आरसिंक चालू देत नाही, आणि डिलीट वापरायचेच असेल तर ‘मॅक्स-डिलीट’ने पुसण्याच्या फाइलींवर मर्यादा घालतो. त्याहून बरे म्हणजे एकाच प्रतीवर रोज लिहू नये. स्क्रिप्टने रोज तारखेचे नवे फोल्डर द्यावे; आरसिंकचा ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय त्यात न बदललेल्या फाइलींना आदल्या दिवशीच्या प्रतीशी हार्ड लिंकने, म्हणजे त्याच फाइलीला दुसरे नाव देऊन, जोडतो, त्यामुळे प्रत्येक दिवसाची पूर्ण प्रत दिसते पण जागा फक्त बदललेल्या फाइलींपुरती लागते. यासाठी बाहेरची डिस्क एक्स्ट४सारख्या फाइल प्रणालीत असावी. दुकानातून येते तशी ती अनेकदा एक्सफॅटमध्ये असते, आणि एक्सफॅटमध्ये हार्ड लिंक नसतात, फाइलींची मालकी आणि परवानग्याही टिकत नाहीत. रेस्टिक किंवा बॉर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम वापरायची तयारी असेल, तर आवृत्त्या आणि कूटबद्धता दोन्ही मिळतात. पण तुम्हाला आरसिंक येते, आणि बिघाडाच्या दिवशी आपल्याला नीट येणारे साधन हाताशी असणे मोठे असते, म्हणून आत्ता बदला असे मी म्हणणार नाही.

स्क्रिप्टमधली तपासणी कोणी तरी कधी तरी काढून टाकतो, किंवा हाताने आरसिंक चालवतो. त्यासाठी शेवटचे कुंपण फोल्डरलाच घालता येते. डिस्क अनमाउंट असताना, आणि खालचे फोल्डर पूर्ण रिकामे असताना, त्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर’ ही कमांड +आय पर्यायासह चालवा. आता ते फोल्डर अपरिवर्तनीय झाले. त्यात रूटलाही फाइल तयार करता येणार नाही. डिस्क माउंट करायला मात्र काहीच अडथळा येत नाही, कारण माउंट झाल्यावर लिहिणे डिस्कच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होते. डिस्क नसताना कोणी लिहायला गेले, की परवानगी नसल्याची चूक ताबडतोब समोर येते. एका ओळीचे हे काम मी प्रत्येक माउंट पॉइंटवर करतो आणि तुम्ही या उत्तरातले एकच काही करणार असाल, तर हे करा.

बाहेरची डिस्क मुळात का सुटली, याचा शोधही घ्यावा लागेल, कारण वीज आल्यावरही ती सापडली नव्हती. ‘जर्नलसीटीएल’ के पर्यायासह चालवा आणि यूएसबी डिस्कनेक्ट झाल्याच्या नोंदी शोधा. रोज रात्री दोननंतर काही मिनिटांत, म्हणजे भरपूर लिहिणे सुरू झाल्यावर, त्या नोंदी येत असतील, तर वीजपुरवठा किंवा केबल यांच्याकडे पाहा. यूएसबी २च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३च्या पोर्टमधून ९०० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते, आणि अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागू शकते. छोटी केबल, सर्व्हरच्या मागचे पोर्ट, आणि तरीही जमले नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेले हब, या क्रमाने मी जातो. नोंदी कोणत्याही वेळी विखुरलेल्या असतील, तर ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत पाहा, काही यूएसबी खोक्यांना त्यासाठी ‘-डी सॅट’ हा पर्याय द्यावा लागतो. क्रमांक ५ आणि १९७ या दोन नोंदी मी आधी वाचतो. पहिली बदली कराव्या लागलेल्या सेक्टरांची, दुसरी वाचताना अडणाऱ्या सेक्टरांची. १९७चा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर त्या डिस्कवर बॅकअप ठेवू नये.

राहता राहिला प्रश्न कळण्याचा. अकरा दिवस आरसिंक रोज रात्री जागा नसल्याची चूक देत होती, पण ती चूक जिथे जात होती ते टपाल (ईमेल) कोणी वाचत नव्हते. अपयशाचा संदेश पाठवण्यावर मी विसंबत नाही, कारण सर्व्हर बंद असला, क्रॉन थांबलेला असला किंवा टपालाची मांडणी बिघडलेली असली, तर तो संदेशही निघत नाही आणि शांततेचा अर्थ सगळे ठीक असा घेतला जातो. त्याऐवजी बॅकअप यशस्वी झाला, तरच स्क्रिप्टने शेवटच्या ओळीत सामायिक फोल्डरमधल्या एका फाइलीत तारीख लिहावी. मग तुम्ही रोज वापरता त्या संगणकावर, सर्व्हरवर नव्हे, सकाळी एक छोटे काम चालवून ती तारीख ३६ तासांपेक्षा जुनी असेल किंवा फाइल सापडतच नसेल, तर पडद्यावर सूचना दाखवावी. तपासणारा संगणक वेगळा असल्यामुळे सर्व्हर पूर्ण बंद पडला तरी तुम्हाला कळते.

वीज अचानक जाण्यासाठी यूपीएस असेल, तर तो यूएसबीने सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ची मांडणी करा, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. नुसता यूपीएस लावून ठेवला, तर बॅटरी संपल्यावर वीज तशीच अचानक जाते.

थोडक्यात क्रम असा: क्रॉनचे काम थांबवा, बाइंडने खालचे फोल्डर पाहा, बाहेरच्या डिस्कची तब्येत तपासा, पूर्ण बॅकअप घ्या, खालच्या फाइली सावधपणे पुसा, रिकाम्या फोल्डरला +आय लावा, एफएसटॅब आणि स्क्रिप्ट दुरुस्त करा.

हे झाल्यावर मांडणी बरोबर आहे असे गृहीत धरू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, कोणी काम करत नसताना, तिची परीक्षा घ्या. बाहेरची डिस्क काढून ठेवा आणि स्क्रिप्ट हाताने चालवा. ती लगेच थांबली पाहिजे आणि एसएसडीवर एक बाइटही वाढता कामा नये. डिस्क न जोडताच सर्व्हर रीबूट करा; तो कुठेही न अडकता सुरू झाला पाहिजे. मग डिस्क जोडा, बॅकअप चालवा, आणि त्या बॅकअपमधून एक पूर्ण फोल्डर वेगळ्या जागी परत आणून त्यातल्या फाइली एखाद्या संगणकावर उघडून पाहा. यातले काही ठरल्याप्रमाणे झाले नाही, तर ‘फाइंडएमएनटी’ने दाखवलेली यादी आणि जर्नलमधल्या त्या वेळच्या वीसएक ओळी इथे द्या, म्हणजे पुढचे सांगता येईल.